दाखल्यापुरता आजा

मृगाचा पाऊस पडला की आमच्या जिल्ह्यात दोन ठिकाणी गर्दी होते. एक बियाण्याच्या दुकानापुढे, दुसरी तहसील कचेरीतील जुन्या कागदांच्या खिडकीपुढे. पहिल्या गर्दीत बाप उभा असतो आणि दुसऱ्या गर्दीत त्याचा मुलगा किंवा मुलगी. कॉलेजात नाव घालावयाचे आहे, त्यास जातीचा दाखला पाहिजे. दाखल्यास पुरावा पाहिजे. आणि तो पुरावा इतर मागासवर्गीयांस १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा, विमुक्त व भटक्यांस २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींस १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा आणि अनुसूचित जमातींस ६ सप्टेंबर १९५० पूर्वीचा पाहिजे. खिडकीच्या आतून बाबू विचारतो, "आज्याचं नाव?" पोरगा सांगतो. "आज्याच्या बापाचं?" पोरगा गप्प. तो घरी फोन लावतो. घरी बाप गप्प. मग कोणी तरी बुढीच्या कानाशी फोन धरतो, आणि नव्वदीला टेकलेली ती बाई आपल्या सासऱ्याचे नाव पहिल्यांदाच मोठ्याने उच्चारते.

त्या पोरास आम्ही हसत नाही. शेतकऱ्याच्या, तेल्या-माळ्याच्या, सुतार-लोहाराच्या, कोष्ट्या-कुंभाराच्या, महार-मांगाच्या, गोंड-कोलामाच्या शंभर घरांपैकी किती घरांत खापरपणज्याचे नाव ठाऊक आहे? आमच्याही घरी नाही. पण आम्ही आज जो प्रश्न विचारणार आहो तो निराळा आहे. दाखल्याचे काम पडले नसते तर त्या बुढीस ते नाव कोणी विचारले असते काय?

आता दुसरे चित्र पाहा. हाच पोरगा आज्याच्या अस्थी घेऊन नाशकास किंवा प्रयागास गेला, तर तेथील उपाध्या त्याचे आडनाव व गाव विचारून लांबलचक वही उघडतो आणि घडाघड चार-पाच पिढ्या वाचून दाखवितो. पोरगा थक्क होतो आणि दक्षिणा वाढवितो. आमचे पूर्वज आमच्या घरात नाहीत, पण उपाध्याच्या वहीत आहेत, हे कसे झाले? उत्तर सोपे आहे. त्या वहीतील प्रत्येक नाव म्हणजे पुढल्या पिढीचे एक गिऱ्हाईक. ज्यांच्या घरची गाठ तीर्थास जाण्याइतकी कधी जडच झाली नाही, त्यांची नावे त्या वहीतही नाहीत.

सरकारी दप्तराची गोष्ट याहून वेगळी नाही. साऱ्यासाठी सरकारने नाव लिहिले, पलटणीसाठी लिहिले, तुरुंगासाठी लिहिले. आमचे म्हणणे थोडक्यात हे आहे : आमच्या पूर्वजांची नोंद ज्यास आमच्याकडून काही घ्यावयाचे होते त्याने ठेविली, देणारा मात्र आपली नोंद ठेवण्यास शिकला नाही. म्हणून आमचा आजा कागदावर दिसतो तो देताना दिसतो. सारा देताना, हात देताना, प्राण देताना. हे नीट समजून घेतले तर त्याला शोधावयाचे कोठे हे आपोआप कळते.

प्रथम जमिनीचे कागद. नागपूरचे भोसल्यांचे राज्य १८५४ साली खालसा झाले आणि १८६२ साली नागपुरातून वर्धा जिल्हा वेगळा निघाला. पुढे इंग्रजांनी बंदोबस्त केला, मालगुजारास गावाचा धनी ठरविले, आणि प्रत्येक गावाची मिसल तयार झाली. त्या मिसलीत कुळांची नावे सापडतात : अमुक वल्द तमुक, जात, वावराचा नंबर, सारा किती. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि या एका शब्दाने एक पिढी मागे जाता येते. मालगुजारी १९५१ साली मोडेपर्यंत हे दप्तर चालू होते. त्यानंतरचे अधिकार अभिलेख, खसरा व सात-बारा तर आपल्या ओळखीचेच आहेत. परंतु ज्याच्या नावे वावरच नव्हते तो सालदार, तो बलुतेदार, दुसऱ्याची बंडी हाकणारा तो गडी या मिसलीत सहसा सापडत नाही. ज्याच्या घामाने सारा निघाला तो कागदाबाहेर आणि ज्याने तो कचेरीत भरला तो कागदात, अशी ही व्यवस्था.

या गड्याचे नाव सापडले तर कोतवालाच्या वहीत सापडते. आमच्या विदर्भात हिला कोतवाल पंजी म्हणतात. गावात कोण जन्मले व कोण मेले ते कोतवालाने सांगावे आणि लिहिता येणाऱ्याने लिहावे. या वहीपुढे वावरवाला आणि बिनवावरवाला सारखेच, कारण मरण दोघांसही आहे. ही वही वाचताना छाती दडपते. १९१८ सालच्या पावसाळ्याअखेरची पाने उघडा. मानमोडीची साथ मध्यप्रांतात अशी फिरली की पानामागून पान तापाच्या मृत्यूंनी भरले आहे. कित्येक घरांची पिढी त्या दोन-तीन महिन्यांत तुटली. आपल्या वंशावळीत एखादी फांदी अचानक संपत असेल तर आधी हे साल तपासावे.

याच वहीत आणखी एक गोष्ट ध्यानात येते. जन्माच्या नोंदीत बापाचे नाव असते, जात असते. पोराचे नाव पुष्कळदा नसतेच. 'मुलगा झाला' किंवा 'मुलगी झाली' एवढेच. तो मुलगा म्हणजेच आपला आजा हे सिद्ध करावयाचे तर शाळेचे दाखल-खारीज पुस्तक पाहावे लागते. त्यात जन्मतारीख, जात व बापाचे नाव लिहिलेले असते. तारखा जुळल्या तर माणूस जुळला. पण मास्तराने जन्मतारीख अंदाजाने टाकली असेल तर जुळत नाही, आणि जी शाळेत गेलीच नाही ती आजी कोठेच जुळत नाही. जन्मली तेव्हा ती 'मुलगी झाली' होती, लग्नानंतर 'अमक्याची बायको' झाली, आणि मेली तेव्हा 'अमक्याची विधवा' होती. सत्तर वर्षे निंदण-खुरपण करून जिने घर उभे केले तिचे स्वतःचे नाव सरकारी वहीत एकदाही नसावे, यात दोष एकट्या सरकारचा नाही. आमच्या घरातील वंशावळीत तरी तिचे नाव आम्ही कोठे लिहितो? सत्यशोधक समाज निघाला १८७३ साली, आणि त्याच्या अगोदरच जोतीराव व सावित्रीबाईंनी मुलींच्या हाती पाटी दिली होती. त्यांचे नाव घेणाऱ्यांच्या घरी वंशवृक्ष पुरुषांचाच असावा, ही गोष्ट आम्हांस शोभत नाही.

आता खानेसुमारी, म्हणजे जनगणना. पुष्कळांची समजूत अशी की जुन्या जनगणनेत आपल्या घरची नावे सापडतील. तशी आशा धरू नका. मध्यप्रांतात १८६६ साली शिरगणती झाली, १८७२ साली झाली, आणि १८८१ पासून दर दहा वर्षांनी होत गेली. गणना करणारा घरोघर गेला, त्याने नावे लिहिलीही. पण सरकारला पाहिजे होती ती बेरीज. बेरीज छापली आणि नावांचे कागद राखले नाहीत. इंग्लंडात शंभर वर्षे झाली की घरोघरचे मूळ कागद लोकांस पाहावयास मिळतात आणि तेथील खाणमजुराचा नातू आपला पणजा कोणत्या घरात, कोणासह राहत होता हे घरबसल्या वाचतो. आमच्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्याने व्यक्तीची माहिती पाहण्याची मनाई केली आहे. एक अपवाद मात्र ध्यानात ठेवावा. १९५१ च्या जनगणनेवरून गावोगाव नागरिकांची नोंदवही तयार करण्यात आली होती. ती जेथे शिल्लक असेल तेथे घरवार नावे सापडतात.

म्हणजे जनगणना निरुपयोगी काय? मुळीच नाही. तिने आजा सापडत नाही, पण आज्याचे दिवस सापडतात. १८९१ साली आपल्या वर्धा जिल्ह्याची वस्ती सुमारे चार लाख होती. १९०१ साली ती तीन लाख पंच्याऐंशी हजारांवर आली. दहा वर्षांत लोक वाढावयाचे ते पंधरा हजारांनी घटले. मध्ये काय झाले? १८९६-९७ चा दुष्काळ आणि १८९९-१९०० चा दुष्काळ. हे पंधरा हजार कोण होते? हिंगणघाटच्या कापसाची कीर्ती विलायतेपर्यंत गेली होती, पण तो कापूस वेचणाऱ्या कोणत्या बाईच्या चुलीत त्या सालात विस्तव नव्हता, हे कोणी लिहिले नाही. आपल्या घरी 'छप्पनचा काळ' अशी काही आठवण सांगत असतील तर ती बाष्कळ गोष्ट समजू नका. जेथे कागद नाही तेथे तीच आपली नोंद.

जनगणनेविषयी आणखी एक सावधगिरी. १९०१ साली सरकारने जातींची उच्च-नीच प्रतवारी लावण्याचा उद्योग केला. त्यानंतर देशभर जातीजातींच्या सभांनी अर्ज केले की आम्हांस या नावाने न लिहिता त्या नावाने लिहा. १९३१ पर्यंत हे चालले, आणि १९३१ नंतर सर्व जातींची संपूर्ण गणना छापलीच गेली नाही. तेव्हा एकाच घरचा आजा एका कागदात एका जातनावाने व दुसऱ्या कागदात दुसऱ्या नावाने सापडला तर घाबरून जाऊ नये. तो बदलला नव्हता. लिहिणारा बदलला होता.

आता पलटण. भोसल्यांची फौज १८०३ साली आडगावास लढली आणि १८१७ साली सीताबर्डीस लढली. त्या फौजेत आमच्या खेड्यांतील पोरे होती. राज्य गेले, फौज मोडली. पुढे इंग्रजांनी कोणत्या जाती लढाऊ आणि कोणत्या बिनलढाऊ हे आपल्या मर्जीने ठरविले. महारांनी कंपनीच्या पलटणींत पिढ्यान्‌पिढ्या चाकरी केली असता १८९२ च्या सुमारास त्यांची भरती बंद केली. त्याविरुद्ध पेन्शनर गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज लिहिला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११ वी महार पलटण उभी केली आणि गरज सरताच १९२१ साली मोडली. पुन्हा महायुद्ध आले, पुन्हा १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली. सरकारास रक्त हवे असले की जात लढाऊ, नको असले की बिनलढाऊ.

या शिपायांची नोंद कशी ठेविली तेही ऐका. इराकात बसरा येथे पहिल्या महायुद्धातील मृतांचे स्मारक आहे. त्यावर गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अंमलदारांचीही आहेत. परंतु साधे हिंदी शिपाई, जे तीस हजारांहून अधिक होते, त्यांची नावे दगडावर कोरली नाहीत. पलटणीपुढे फक्त आकडा घातला. शंभर वर्षे उलटल्यावर, २०२१ साली, युद्धस्मारके सांभाळणाऱ्या त्या मंडळाने चौकशी करून या भेदभावाबद्दल माफी मागितली. आपल्या महाराष्ट्रातील कित्येक गावांतही संगमरवरी पाटी दिसते : या गावातून महायुद्धास इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. नाव एकाचेही नाही. उलट फ्रान्सात नव्ह शापेल येथील स्मारकावर चार हजारांहून अधिक हिंदी शिपाई व मजूर नावानिशी कोरलेले आहेत. तेव्हा मनात असले म्हणजे नावे लिहिता येतात, हे सिद्ध आहे.

ज्यांच्या घरी कोणी पलटणीत होता असे सांगतात, त्यांनी आधी घरातील पेटी पाहावी. बिल्ला, पेन्शनचे पुस्तक, डिस्चार्जचा कागद यांपैकी एक जरी सापडले तरी त्यावर शिपायाचा नंबर आणि पलटणीचे नाव असते. नंबर मिळाला की त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसास पत्र लिहिता येते; मराठा पलटणीचे केंद्र बेळगावास आहे आणि महार रेजिमेंटचे सागरास. युद्धात मेलेल्यांची यादी त्या युद्धस्मारक मंडळाने संगणकावर सर्वांसाठी खुली ठेविली आहे, आणि तीत पुष्कळांच्या नावापुढे बाप, गाव व तालुका दिला आहे. मात्र इंग्रजाच्या स्पेलिंगात आपला लक्ष्मण व आपले गाव कसे वाकडेतिकडे झाले असेल याचा अंदाज करून शोधावे. पंजाबातील युद्धात गेलेल्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या गाववार नोंदी लाहोरच्या संग्रहालयात पडून होत्या. त्या २०२१ साली लोकांसमोर येऊ लागल्या. कोणी तरी त्या उघडल्या म्हणून आल्या.

तुरुंगाचे रजिस्टर पाहण्यास लाजू नका. जंगलातून मोळी आणली म्हणून आजा तुरुंगात गेला असेल, किंवा १६ ऑगस्ट १९४२ रोजी आष्टीच्या ठाण्यावर चालून गेलेल्या जमावात असेल. जिवंतपणी ज्याची कोणी विचारपूस केली नाही त्याचे नाव, गाव, जात व वय कारकुनाने जपून लिहिले ते तो कैदी झाला तेव्हा.

राहिली वर्तमानपत्रे. मोठ्या पत्रांत आमचा आजा नाही. आम्ही म्हणजे त्यांस दुष्काळाची बातमी किंवा दंग्याची बातमी. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर जुलै १९२८ मध्ये अस्पृश्यांस खुले झाले. दार उघडणारांचे नाव सर्वांस पाठ आहे. त्या दारातून ज्यांनी प्रथम पाऊल आत टाकले त्यांची नावे किती जणांस सांगता येतील? आमच्या लोकांची नावे सापडतात ती आमच्याच पत्रांत. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली काढलेला व पुढे नारायण मेघाजी लोखंड्यांनी चालविलेला 'दीनबंधु', मुकुंदराव पाटलांनी तरवडीसारख्या खेड्यातून चालविलेला 'दीनमित्र', आणि आमच्या नागपुरास किसन फागुजी बनसोड्यांनी पदरमोड करून काढलेली पत्रे. अमक्या गावी भटाविना लग्न लागले, तमक्याने शाळेस देणगी दिली, अशा दोन ओळींच्या बातमीदार-पत्रांतून शेतकऱ्याचे नाव प्रथम छापून आले, आणि ते देताना नव्हे, काही करताना आले. पण दुःखाची गोष्ट ही की 'दीनबंधु'चे बहुतेक अंक आज सापडत नाहीत. त्यांतला मजकूर सरकारी भाषांतरकाराने टिपून ठेविला तेवढा कळतो. म्हणजे आमचे पत्रदेखील आम्ही जपले नाही, ते नजर ठेवणाऱ्याने जपले.

आता कोणी म्हणेल, दाखल्यापुरता आजा शोधला तर बिघडले काय? बिघडले नाही. दाखला हा हक्क आहे आणि तो मिळविलाच पाहिजे. २०२३ साली न्यायमूर्ती शिंदे समिती नेमली, तिने महसूल, शाळा, पोलीस, तुरुंग, सैनिक कल्याण अशी सर्व दप्तरे उलथली आणि कुणब्यांच्या पन्नास लाखांहून अधिक नोंदी निघाल्याचे सरकारने सांगितले. २ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबादच्या गॅझेटविषयी शासननिर्णय झाला. त्यावरून जो वाद पेटला त्यात आज आम्ही शिरत नाही. आमचे म्हणणे एवढेच की पन्नास लाख नोंदींचा हिशेब झाला, पण त्या पन्नास लाखांतील एकेक माणूस कोण होता, त्याने काय पेरले, काय सोसले, हे कोणी विचारले नाही. सरकारने बेरीज पाहिली आणि आम्हीही बेरीजच पाहिली. दाखला हाती आला की आज्याची नक्कल ट्रंकेत जाते आणि आजा पुन्हा मरतो.

दुसरे म्हणजे, केवळ दाखल्यासाठी शोधणारा मोहात पडतो. जुन्या कागदावर नवी अक्षरे घालून देणारे दलाल गावोगाव हिंडतात. त्यांच्या नादी लागू नका. शाई आणि अक्षर तपासले जाते, २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ अन्वये खोट्या दाखल्यास शिक्षा आहे, आणि खऱ्या हक्कदाराची जागा जाते ती वेगळीच. दुसऱ्या टोकास पैसे घेऊन वंश थेट सूर्यचंद्रापर्यंत नेऊन भिडविणारे भाट आहेत. नांगर धरणाऱ्या आज्याची लाज वाटून राजवाड्यातला आजा विकत घ्यावा, याहून त्याचा अपमान तो कोणता?

तेव्हा शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आमची सूचना अगदी साधी आहे. या आठवड्यात दोन रुपयांची असो की वीस रुपयांची, एक वही आणा. पहिल्या पानावर घरातील सर्वांत वयस्क बाईस विचारून लिहा : तिचे माहेरचे नाव, तिच्या मायचे नाव, सासूचे नाव, माहेरचे गाव, कोण कोणत्या सालच्या साथीत किंवा दुष्काळात गेले. कागद दहा वर्षे थांबतील. ती थांबणार नाही. त्यानंतर कोतवाल पंजी, दाखल-खारीज आणि मिसल यांच्या नकला काढून तारखा जुळवा. एकाच गावात एकाच नावाचे दोघे असू शकतात, म्हणून बाप, भाऊ आणि वावर जुळल्याशिवाय आपला म्हणू नका. जुने कागद मोडीत असतील. तालुक्यातील चार पोरांनी मोडी शिकून घेतली तर सबंध तालुक्याचे काम होईल. ग्रामसभेत ठराव करून गावची जुनी पुस्तके वाळवीच्या तोंडून सोडवावी आणि त्यांची चित्रे काढून ठेवण्याची मागणी करावी. जातनिहाय गणना करण्याचे केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी ठरविले आणि तिचा संदर्भदिन १ मार्च २०२७ धरला. त्या गणनेचाही कागद आपल्या नातवास पाहावयास मिळणार नाही. गणनेदार जे लिहील ते आपल्या वहीतही लिहून ठेवा.

उपाध्याने आपली वही राखली, मालगुजाराने आपली राखली, ठाणेदाराने आपली राखली. त्या सर्वांच्या वह्यांतून आपली माणसे सोडवून आणावयाची आहेत, आणि आणून ठेवावयास आपल्या घरी एक वही पाहिजे. बुढी अजून ओसरीवर बसली आहे. तिला आजच विचारा.